‘जी-आर-वाय’ : एका अक्षरसमूहाचे मानीव कूळ

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजी भाषेत ‘ग्री’ने, म्हणजे जी, आर आणि वाय या तीन अक्षरांनी, संपणारे तीन शब्द आहेत. त्यांपैकी ‘अँग्री’ (रागावलेला) आणि ‘हंग्री’ (भुकेला) हे दोन सर्वांस ठाऊक आहेत, तिसरा कोणता? अशा आशयाचे एक कोडे गेली सुमारे पन्नास वर्षे इंग्रजी भाषिकांत फिरत आहे. १९७५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील मेरियम-वेबस्टर या कोशप्रकाशक संस्थेकडे याविषयी पत्राने पृच्छा झाली होती. प्रश्नमंजूषेच्या एका कार्यक्रमात हा प्रश्न विचारला गेल्याचे त्या पत्रात म्हटले होते. त्यानंतर ग्रंथालये, वृत्तपत्रे व कोशकार यांना या प्रश्नाने वारंवार गाठले. शब्दक्रीडेस वाहिलेल्या ‘वर्ड वेज’ या अमेरिकन नियतकालिकात (१९६८–२०२०) त्याची चर्चा झाली, आणि जुन्या कोशांची पाने धुंडाळून ‘ग्री’-अंती शब्दांच्या लांबलचक याद्या तयार करण्यात आल्या.

या याद्या पाहिल्या म्हणजे एक विचित्र स्थिती दिसून येते. एका बाजूस, तिसरा शब्द सापडत नाही म्हणून जिज्ञासू हताश झालेले दिसतात. दुसऱ्या बाजूस, तिसऱ्या स्थानासाठी डझनावारी उमेदवार उभे असतात. एकाच प्रश्नाला ‘एकही नाही’ आणि ‘पुष्कळ’ अशी दोन्ही उत्तरे तितक्याच अधिकाराने देता यावीत, यावरून दोष उत्तरांत नसून प्रश्नात आहे अशी शंका येते. तो दोष कोणता याचा विचार केल्यास, कोडे सुटण्यापेक्षा अधिक मोलाची अशी एक गोष्ट हाती लागते. ती म्हणजे अक्षरसमूह आणि प्रत्यय यांतील भेद. हा भेद तत्त्वतः सर्वांस मान्य असतो. पण प्रत्यक्ष सामग्री हाताळताना तो सहज नजरेआड होतो.

२. दोन परिचित शब्द

प्रथम ज्या दोन शब्दांविषयी वाद नाही त्यांचीच परीक्षा करणे योग्य होईल. ‘हंग्री’ हा शब्द प्राचीन इंग्रजीत ‘हुंग्रिग्’ असा होता. ‘हुंगोर्’ (भूक) हे नाम व ‘-इग्’ हा विशेषण साधणारा प्रत्यय यांपासून तो बनला. प्रत्यय लागताना नामातील दुसरा स्वर लोप पावला, आणि गकार व रकार शेजारी आले. पुढे प्रत्ययातील अंत्य व्यंजनही झिजले आणि उरलेला स्वर वाय या अक्षराने लिहिला जाऊ लागला. जर्मन भाषेत ‘हुंग्रिश्’ असे उच्चारले जाणारे विशेषण आजही लेखनात तो जुना गकार राखून आहे.

‘अँग्री’ची रचना वरवर अशीच आहे : ‘अँगर’ (राग) या नामास तोच प्रत्यय. परंतु ‘अँगर’ हे नाम मूळचे इंग्रजी नव्हे. उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन वसाहतकारांच्या भाषेतील ‘अंग्र’ हा शब्द मध्यकालीन इंग्रजीत आला, आणि त्याचा मूळ अर्थ राग नसून क्लेश, दुःख, पीडा असा होता. ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ ‘आवळणे, संकुचित करणे’ असा होता. लॅटिनमधील ‘अंगुस्तुस्’ (अरुंद), जर्मनमधील ‘एंग’ (अरुंद) व ‘आंग्स्ट’ (भय), आणि वैदिक संस्कृतातील ‘अंहु’ (अरुंद) व ‘अंहस्’ (संकट, पाप) ही सर्व त्याच धातूची संतती होय.

येथे गकाराकडे विशेष लक्ष देणे इष्ट आहे. ‘अँग्री’तील गकार हा मूळ भारत-युरोपीय भाषेतील एका महाप्राण घोष तालव्य वर्णाचा वारस आहे, तोच वर्ण संस्कृतात हकार झाला आणि ‘अंहस्’मध्ये दिसतो. ‘हंग्री’तील गकाराचा इतिहास याहून निराळा. त्याच्या मुळाशी अघोष ककार आहे. जर्मानिक शाखेत त्या ककाराचा प्रथम घर्षक वर्ण झाला. गॉथिक भाषेतील ‘हूह्रुस्’ (भूक) या रूपात तो हकाराच्या स्वरूपात टिकून आहे. अन्य जर्मानिक भाषांत, बलाघात पुढील अक्षरावर असल्याकारणाने, तोच वर्ण घोष होऊन गकारापर्यंत आला. कार्ल व्हेर्नर या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ज्या नियमाचे विवेचन केले, त्याचेच हे एक उदाहरण आहे.

तात्पर्य, कोड्याने ज्यांना सख्खे भाऊ मानले त्या दोन शब्दांत सामायिक रूपिम फक्त एक आहे, आणि तो म्हणजे शेवटचा ‘-ई’. त्याच्या अलीकडील ‘ग्र’ हा दोहोंत प्रकृतीचा भाग आहे, आणि त्यातील गकारसुद्धा दोन वेगळ्या वर्णांपासून आलेला आहे. ‘हंग्री’तून ‘ग्री’ वजा केल्यास ‘हन’ उरते. त्याला भूक या अर्थाशी जोडणारे काहीही भाषेत नाही. ‘ई’ वजा केल्यास मात्र ‘हंगर’ हे सार्थ नाम हाती येते. प्रत्ययाची सीमा कोठे आहे हे या साध्या प्रयोगानेच सिद्ध होते.

३. तिसऱ्या स्थानाचे उमेदवार

आता याद्यांतून पुढे केले जाणारे दुर्मिळ व लुप्तप्रचार शब्द पाहू. त्यांतील काही प्रमुख शब्दांचा वंश तपासला असता ‘ग्री’-कुलाची कल्पना कितपत टिकते हे स्पष्ट होईल.

पहिला उमेदवार ‘ग्री’ हा स्वतःच होय. मात्र त्याचा उच्चार ‘ग्राय’ असा होतो. १९३४ च्या वेबस्टर कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो सापडतो. ग्रीक भाषेत ‘ग्रू’ म्हणजे क्षुल्लक वस्तू, नखाखालचा मळ. नकारार्थी वाक्यांत ‘चकार शब्दही नाही’ अशा अर्थाने तो येई. तत्त्वज्ञ जॉन लॉक याने ‘मानवी आकलनाविषयीचा निबंध’ (१६९०) या ग्रंथात हा शब्द एका सूक्ष्म लांबीस दिला. त्याच्या दशमान योजनेत सेकंदाचा ठोका देणाऱ्या लंबकाच्या लांबीचा तिसरा भाग म्हणजे एक ‘तात्त्विक फूट’, त्याचा दहावा भाग इंच, त्याचा दहावा भाग ‘रेषा’, आणि रेषेचा दहावा भाग ‘ग्राय’. असा लंबक सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांब असतो. त्या हिशेबाने एक ग्राय जवळपास ०.३३ मिलिमीटर भरतो. ही योजना व्यवहारात आली नाही, आणि तिच्याबरोबर शब्दही कोशातच राहिला. याच तीन अक्षरांनी लिहिला जाणारा दुसरा एक ‘ग्राय’ रोमनी भाषेतून इंग्रजीत आला असून त्याचा अर्थ ‘घोडा’ असा आहे. ग्रीक ‘ग्रू’शी त्याचा काडीमात्र संबंध नाही. म्हणजे केवळ तीन अक्षरांच्या एका आकृतीतही दोन परकी कुळे एकत्र नांदतात.

दुसरा उमेदवार ‘अ‍ॅग्री’. १९६१ च्या वेबस्टर कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत साडेचार लाखांहून अधिक नोंदी आहेत. तरी ‘अँग्री’, ‘हंग्री’ आणि त्यांच्यापासून साधलेले शब्द वगळता त्या अवाढव्य ग्रंथात ‘ग्री’-अंती असा हा एकच शब्द आहे. पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः आजच्या घानाच्या प्रदेशात, जमिनीत सापडणाऱ्या जुन्या रंगीत मण्यांना हे नाव आहे. टॉमस एडवर्ड बाउडिच याने अशांती राज्यातील शिष्टाईचा वृत्तान्त १८१९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या मण्यांचे वर्णन आढळते. इंग्रजीत हा शब्द स्वतंत्रपणे जवळजवळ येतच नाही. ‘मणी’ या शब्दाच्या सोबतीनेच तो वावरतो. त्याचे मूळ आफ्रिकी असल्याने जर्मानिक ‘-ई’ प्रत्ययाशी त्याचे नाते असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

तिसरा उमेदवार मराठी वाचकास ओळखीचा वाटेल. तो ‘पग्री’ होय. हिंदीतील ‘पगड़ी’ शब्दाचे हे इंग्रजी रूप. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याची नोंद आहे. उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून युरोपीय लोक टोपीभोवती जे तलम वस्त्र पगडीसारखे गुंडाळीत, त्यासही हे नाव मिळाले होते. ध्वनिदृष्ट्या हा शब्द मोठा बोधप्रद आहे. ‘पगडी’ लिहिताना ग आणि ड यांच्यामध्ये अकार आहे. उच्चारात तो लुप्त होतो आणि दोन व्यंजने एकमेकांस भिडतात. हिंदीतील मूर्धन्य ‘ड़’ इंग्रजी कानाला रकारासारखा ऐकू आला. ऱ्हस्व अकारासाठी यू हे अक्षर योजले गेले, आणि तो स्वर ऱ्हस्वच राहावा म्हणून जी हे अक्षर दोनदा लिहिले गेले. अशा चार निरनिराळ्या कारणांनी ‘ग्री’ हा शेवट घडला. तथापि हा शब्द शेवटी दोन ई लिहूनही आढळतो, आणि तेच लेखन अधिक रूढ आहे. अशा लेखनाची प्रत हाती आली तर पगडी यादीतून तत्काळ बाद होते. ज्या ‘कुला’तील सदस्यत्व लेखनिकाच्या मर्जीवर अवलंबून असते, त्याला भाषिक वर्ग म्हणणे कठीण आहे.

चौथा शब्द ‘इग्री’. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) ईजिप्तमध्ये असलेल्या ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या बोलीत त्याचा अर्थ ‘चल, लवकर कर!’ असा होता. अरबीतील ‘धावणे, वाहणे’ या अर्थाच्या धातूचे हे आज्ञार्थी रूप. अन्यत्र जकाराने उच्चारला जाणारा वर्ण कैरोच्या बोलीत गकार होतो, म्हणून ‘इज्री’चे ‘इग्री’ झाले. हुकूम ‘जारी’ करणे या मराठी प्रयोगातील ‘जारी’ हा त्याच अरबी धातूचा, फार्सीमार्गे आलेला शब्द होय. ‘इग्री’चे खरे नाते ‘हंग्री’शी नसून ‘जारी’शी आहे, हे लेखनातील अक्षरे कधीही सांगणार नाहीत.

पाचवा ‘मीग्री’, म्हणजे कृश दिसणारा. येथे ‘-ई’ प्रत्यय खराच आहे. पण तो ज्यास लागला ते ‘मीगर’ हे विशेषण फ्रेंच ‘मेग्र’मधून आले आणि त्याचे मूळ लॅटिन ‘माकेर’. म्हणजे यातील गकार हा लॅटिन ककाराचा फ्रेंच भूमीवर झालेला विकार आहे. आधीच्या दोन गकारांत ही तिसऱ्या वंशाची भर पडली. सहावा ‘पॉडग्री’ हा पायाच्या सांधेदुखीचा वाचक. ग्रीक भाषेत ‘पोद्’ म्हणजे पाऊल आणि ‘आग्रा’ म्हणजे पकड अथवा सापळा. पायास पकडणारा रोग तो ‘पोडाग्रा’. येथे ‘ग्र’ हा समासातील उत्तरपदाचा अवयव आहे.

याखेरीज पंधराव्या-सोळाव्या शतकांतील अनेक जुनी लेखनरूपे याद्यांत समाविष्ट केली जातात. ‘बेग्री’ हे ‘बेगरी’ (भिक्षावृत्ती) याचे, तर ‘स्कग्री’ हे ‘स्कगरी’ (लपवाछपवी) याचे जुने लेखन. दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी स्कँडिनेव्हियन ‘स्कुग्गी’ (सावली) हा शब्द असून त्यास लागलेला ‘-अरी’ हा प्रत्यय फ्रेंचकडून आलेला, भाववाचक नामे साधणारा प्रत्यय आहे. म्हणजे ‘हंग्री’तील विशेषणप्रत्ययापेक्षा तो सर्वस्वी भिन्न आहे. ‘मॉग्री’ हे ‘मॉगर’ (न जुमानता, तरीही) या अव्ययाचे एक जुने रूप. शेक्सपीअर व मिल्टन यांच्या लेखनात ‘मॉगर’ आढळते. ते जुन्या फ्रेंचमधील ‘मोग्रे’पासून आले, आणि त्यातील ‘ग्रे’ हे लॅटिन ‘ग्रातुम्’ (आवडते, प्रिय) याचे फ्रेंच रूप होय. येथे ‘ग्र’ शब्दाच्या शेवटाशी आलेला नसून धातूच्या आरंभाशी असलेला आहे.

उरतात ती खुद्द दोन परिचित शब्दांची पिल्ले. ‘अ-हंग्री’ हे रूप शेक्सपीअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये, तर ‘अन-हंग्री’ हे ‘कोरिओलेनस’मध्ये येते. ‘लँड-हंग्री’ (जमिनीचा हव्यास असलेला), ‘पॉवर-हंग्री’ (सत्तालोलुप) असे समास तर आजही कोणी नव्याने बनवू शकतो. त्यांना प्रवेश दिल्यास यादीस अंतच राहत नाही.

४. डोळ्यांचे कूळ आणि कानाचे कूळ

वरील विवेचनात शब्दांच्या इतिहासाचा विचार झाला. इतिहास बाजूस ठेवून आजच्या भाषेचे केवळ वर्णन करावयाचे म्हटले तरी ‘ग्री’-वर्ग टिकत नाही. कारण वर्णनात्मक भाषाविज्ञानाचे साहित्य अक्षरे नसून ध्वनी होत. ध्वनीच्या दृष्टीने पाहिल्यास ‘अग्री’ (सहमत होणे), ‘डिग्री’ (पायरी, अंश, पदवी), ‘पेडिग्री’ (वंशावळ), ‘फिलिग्री’ (तारकाम) हे सर्व रूढ शब्द गकार, रकार व ईकार यांनीच संपतात. फरक इतकाच, की त्यांच्या शेवटी वाय न लिहिता दोन ई लिहितात. शाळकरी मुलासही परिचित असलेले हे शब्द कोडे घालणाऱ्यास आठवत नाहीत, कारण त्याचे कूळ डोळ्यांना दिसणारे आहे, कानाला ऐकू येणारे नव्हे. उलट ‘ग्राय’ हा शब्द कानाला ईकारान्त नाहीच, तरी तो या कुळात मानाचे स्थान पटकावून बसतो.

वाय हे अक्षर तरी स्थिर आहे काय? तेही नाही. शब्दान्ती आय हे अक्षर लिहावयाचे टाळून तेथे वाय लिहावा, हा इंग्रजी लेखनाचा केवळ एक संकेत आहे. त्यामुळे ‘हंग्री’चे तरभाववाचक रूप किंवा क्रियाविशेषण केले की वाय जाऊन आय येतो आणि ‘जी-आर-वाय’ हा समूह नाहीसा होतो. शब्द मात्र तोच राहतो. रूपावलीत ज्याचे अस्तित्व टिकत नाही असा समूह हा भाषेचा घटक नसून लेखनपद्धतीचा परिणाम आहे, हे यावरून उघड होते.

याहूनही महत्त्वाचा मुद्दा पुढीलप्रमाणे. ‘अग्री’ (सहमत होणे) हे क्रियापद फ्रेंचमधील ‘आ ग्रे’ (रुचेल त्याप्रमाणे) या प्रयोगापासून आले, आणि त्यातील ‘ग्रे’ तोच, जो ‘मॉग्री’मध्ये आहे. एका शब्दात मर्जी राखली जाते, दुसऱ्यात ती डावलली जाते. दोघे एकाच मातेचे पुत्र आहेत. कोड्याच्या कसोटीने मात्र ‘मॉग्री’ घरात राहतो आणि ‘अग्री’ बाहेर काढला जातो, तर आफ्रिकेतील मणी व हिंदुस्थानातील पगडी यांना ‘मॉग्री’च्या शेजारी स्थान मिळते. जे परके त्यांना एकत्र आणणे आणि जे सगोत्र त्यांची ताटातूट करणे, अशी दुहेरी चूक ही कसोटी करते. कोणत्याही वर्गीकरणाविरुद्ध यापेक्षा गंभीर आक्षेप असू शकत नाही.

५. ‘शब्द’ कोणास म्हणावे?

प्रश्नातील दुसरा दोष ‘इंग्रजी भाषेत’ आणि ‘शब्द’ या पदांत दडलेला आहे. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये ज्या कोशाची कल्पना मांडली, आणि ज्याचा पहिला भाग जेम्स मरे यांच्या संपादकत्वाखाली १८८४ मध्ये व अखेरचा भाग १९२८ मध्ये बाहेर पडला, त्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे प्रयोजन शब्दांचा इतिहास देणे हे होते. म्हणून प्रत्येक शब्दाच्या नोंदीत त्याची शतकानुशतकांतील लेखनरूपे नमूद केलेली आहेत. ज्या काळी लेखन स्थिर नव्हते, त्या काळी एकच लेखक एकच शब्द दोन रीतींनी लिहीत असे. ‘बेग्री’ हे अशा काळातील एक रूप आहे. ‘बेगरी’हून वेगळा असा तो शब्द नव्हे. कोशकाराने जे पुरावा म्हणून नोंदविले, तेच याद्या करणारा मालमत्ता म्हणून मोजतो. ऐतिहासिक कोशात नोंद असणे म्हणजे आजच्या भाषेत चलनात असणे नव्हे, हा विवेक सुटला की संख्या फुगू लागते.

अर्थात कोशांची संगत धरून शोध घेणाऱ्यांस सर्वस्वी दोष देणेही अन्यायाचे होईल. उलट्या अक्षरक्रमाने लावलेले शब्दसंग्रह हे भाषाभ्यासाचे जुने व उपयुक्त साधन आहे. ए. एफ. ब्राउन यांचा इंग्रजीचा असा संग्रह १९६३ मध्ये, आणि मार्टिन लेनर्ट यांचा १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्ययांची उपज, अंत्य व्यंजनसमूहांचे वितरण, यमकांची शक्यता अशा अनेक प्रश्नांसाठी ते मोलाचे ठरतात. शिवाय जो अक्षरसमूह वा ध्वनिसमूह प्रत्यय नाही तो निरर्थकच असला पाहिजे असेही नाही. इंग्रजीत ‘ग्ल’ने आरंभ होणारे ‘ग्लीम’, ‘ग्लिटर’, ‘ग्लो’ असे अनेक शब्द चकाकीशी संबद्ध आहेत. जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये अशा समूहांसाठी वेगळी संज्ञाही योजली. परंतु तेथे रूप आणि अर्थ यांत पुनःपुन्हा दिसणारी संगती आहे. भूक, राग, मणी, पगडी, घोडा, सांधेदुखी आणि ‘चल, लवकर कर’ यांत अशी कोणतीही संगती नाही. समूहाची पुनरावृत्ती हा शोधाचा आरंभ होऊ शकतो. रूपार्थांची संगती हाच त्याचा निर्णय होय.

६. कोडे आणि त्याचे उत्तर

मग मूळ कोड्याचे उत्तर काय? आजच्या सामान्य इंग्रजीपुरते बोलावयाचे, तर तिसरा साधा शब्द नाही, हेच सरळ उत्तर आहे. कोड्याचा एक पाठ असाही आहे की ज्यात आरंभीची ‘ग्री’ची चर्चा केवळ दिशाभूल करण्यासाठी येते आणि खरा प्रश्न ‘दि इंग्लिश लँग्वेज’ या शब्दबंधातील तिसऱ्या शब्दाविषयी असतो. त्याचे उत्तर ‘लँग्वेज’ हे होय. हा पाठ मूळचा असो वा मागाहून रचलेला असो, त्यातील चलाखी शब्दाचा अर्थ आणि शब्दाचे स्वरूप यांच्या अदलाबदलीवर उभी आहे. पाणिनीने ‘अष्टाध्यायी’च्या पहिल्याच पादात हा भेद सूत्रबद्ध केला होता, कारण व्याकरणात शब्द बहुधा स्वतःच्या स्वरूपाचाच बोध करून देतो. ज्याला हा भेद अवगत आहे त्याला कोडे फसवू शकत नाही.

७. उपसंहार

या चर्चेचे महत्त्व एका इंग्रजी कोड्यापुरते मर्यादित नाही. आज भाषेची प्रचंड सामग्री संगणकावर उपलब्ध आहे, आणि कोणताही अक्षरसमूह शोधून त्याची वारंवारता क्षणार्धात मोजता येते. असा शोध करणाऱ्या संशोधकास ‘ग्री’च्या याद्या करणाऱ्यांचीच चूक करण्याचा मोह पडतो. मराठीपुरता विचार केला, तर ‘करी’ने संपणारे शब्द एकत्र केले असता ‘शेतकरी’, ‘वारकरी’, ‘गावकरी’, ‘कष्टकरी’ यांच्या पंक्तीस ‘नोकरी’, ‘बकरी’, ‘टेकरी’ आणि ‘भाकरी’ येऊन बसतात. पहिल्या चारांत ‘-करी’ हा सार्थ घटक आहे. ‘नोकरी’ हे मात्र ‘नोकर’ या शब्दास ‘-ई’ लागून झाले आहे, ‘बकरी’ हे ‘बकरा’चे स्त्रीलिंगी रूप आहे, आणि ‘टेकरी’ हे ‘टेकडी’चे दुसरे रूप आहे. भाषकाला हे न सांगता समजते, कारण ‘शेतकरी’ म्हणताना त्याच्या मनात ‘शेत’ असते, आणि ‘भाकरी’ म्हणताना ‘भा’ नसते. यंत्राला मात्र आठही शब्द सारखेच दिसतात. त्यांची एकत्र मोजणी करून ‘-करी’ प्रत्ययाच्या उपजेविषयी कोणी सिद्धान्त मांडला, तर ती आकडेमोड कितीही अचूक असली तरी निष्कर्ष फोल ठरेल.

म्हणून शोध करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. समूह लेखनात आहे की ध्वनीत? वेगळा काढल्यावर उरलेला भाग भाषेत सार्थ राहतो काय? आणि ज्या ज्या शब्दांत तो येतो त्यांत रूपाबरोबर अर्थाचेही सातत्य आहे काय? ‘जी-आर-वाय’ हा समूह या तिन्ही कसोट्यांस उतरत नाही. वैदिक ‘अंहस्’, लॅटिन ‘माकेर’, ग्रीक ‘आग्रा’, अरबी ‘इज्री’ आणि हिंदी ‘पगड़ी’ यांचे नातेवाईक दूरदूरच्या वाटांनी आले आणि इंग्रजी लेखनाच्या एका संकेतामुळे तीन अक्षरांच्या एकाच दारातून आत शिरले. त्या दारात उभे राहून त्यांची गणना करणाऱ्यास एक संख्या मिळेल. ते कोठून आले हे विचारणाऱ्यास भाषेचा इतिहास मिळेल.